अहो, खाली घ्या

बांधकामावर त्या मुकादमाला सगळे तोफ म्हणत. का म्हणत ते कुणाला विचारावं लागत नसे. तो नुसता "चहा" म्हणाला तरी फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राही. उभा जन्म त्याने क्रेनच्या पायथ्याशी काढला होता. खाली उभं राहायचं, मान वर करायची आणि आरोळी ठोकायची: वर, खाली, डावीकडे, बस. सळया, विटा, सिमेंटची पोती, लिफ्टची मोटार, सगळं त्याने घशाच्या जोरावर वर चढवलं होतं. घरी तो बायकोच्या कानात काही सांगायला गेला की शेजारीण आपण होऊन खिडकी लावून घ्यायची, एवढी सभ्यता तिच्यात होती.

असा हा माणूस जगात एकाच माणसापुढे मऊ पडायचा. जावयापुढे.

आता जावई म्हणजे काही कुणी लाटसाहेब नव्हता. तोही क्रेनच चालवायचा, दूरच्या एका गोदीत. ती गोदी बंद पडली, भाड्याचं घर सुटलं आणि तो बायकोला, म्हणजे मुकादमाच्या एकुलत्या एक लेकीला, घेऊन सासऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला. "थोडेच दिवस," म्हणाला. थोडे दिवस कसले, हिवाळा सरला. घरजावई हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही, पण जावई तो स्वतःच खिशात घालून फिरायचा. भाजी आधी सासऱ्याला वाढली की त्याला लागायचं. त्याला आधी वाढली तर "मला पाहुणा समजता का?" म्हणून लागायचं. लेक बिचारी दोन्हीकडून बोलणी खायची.

"जपून बोला हो त्यांच्याशी," मुकादमीण नवऱ्याला रोज बजावायची. "आधीच माणूस दुखावलेला आहे. तुमचं ते ओरडणं साइटवर. घरात नको."

"अगं, मी बोलतोच कुठे?"

"नका बोलू. पण बोलाल तेव्हा मानाने बोला."

मुकादमाने मग एकच केलं. इंजिनियरबाईंच्या मागे हात धुऊन लागला आणि जावयाला आपल्याच साइटच्या क्रेनवर लावून घेतलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, सध्या चाचणीवर. काम नीट झालं तर कायम करू, नाहीतर हातात नारळ. जावई कायम झाला की दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने घेणार होता आणि ताठ मानेने बिऱ्हाड हलवणार होता. त्या चारही माणसांना आता याखेरीज काही सुचत नव्हतं. मुकादम तर झोपेतसुद्धा "कायम, कायम" असं पुटपुटायचा, आणि त्याचं पुटपुटणं म्हणजे सगळ्या चाळीला कळायचं.

पण नोकरी मिळाली आणि अडचण उभी राहिली. आजवर मुकादम क्रेनवाल्याला काय वाट्टेल ते म्हणायचा. "ए आंधळ्या, डावीकडे!" हा त्यातला त्यात गोड प्रकार. आता वर केबिनमध्ये बसला जावई. खाली सासरा. सगळ्या गड्यांदेखत जावयावर ओरडायचं कसं? मग तोफेच्या तोंडून नवीनच भाषा ऐकू यायला लागली. "अहो, खाली घ्या! अहो, जरा डावीकडे! अहो, बसऽऽ!" सळईवाले हसून हसून सळयांवर आडवे व्हायचे. तोफेतून फुलं निघायला लागली, म्हणायचे.

इमारत वाढत गेली तसा आवाज पुरेना. वाऱ्याने अर्धं उडून जायचं, उरलेलं बंद काचेच्या केबिनवर आपटून खाली पडायचं. मागच्या बाजूला भिंत उठल्यापासून हाताच्या खुणाही दिसेनाशा झाल्या. एकदा जावयाने विटांनी भरलेला पाळणा भलत्याच बाजूला नेला, तेव्हा इंजिनियरबाईंनी मुकादमाला बोलावलं.

"हे असं चालायचं नाही. वॉकी-टॉकीचे सेट आणा. वापरणार तुम्ही, तेव्हा तुम्हीच निवडा. पण एक बघा, परवान्याशिवाय चालतात तसलेच आणा. जास्त ताकदीचे घ्यायचे तर आधी अर्ज, मग परवाना, मग खरेदी. उलटं करू नका."

"बघतो की," मुकादम म्हणाला. त्याने जे बघितलं ते भलतंच.

दुकानात मात्र तो साध्या गिऱ्हाईकासारखा वागला नाही, हे कबूल केलं पाहिजे. हातमोजे घालूनच गेला. ज्या सेटचं बटण मोज्यातून दाबलं जाईना तो बाजूला. कमरेएवढ्या उंचीवरून एकेक सेट फरशीवर सोडून पाहिला. दुकानदाराचा जीव टांगणीला. हेल्मेट घालून कानात बसतो का, बॅटरी पाळीभर टिकते का, सिमेंटची धूळ आत शिरेल का, सगळं विचारलं. आणि शेवटी दुकानदाराने बिनपरवान्याचा, शिक्का मारलेला, रीतसर सेट पुढे केला तेव्हा त्याने विचारलं, "याची ताकद किती?"

"अर्धा वॉट."

"अर्धा?" मुकादमाला हा घराण्याचा अपमान वाटला. "अहो, माझ्या घशात रिकाम्या पोटी याहून जास्त वॉट असतात!"

दुकानदार माणूस ओळखणारा होता. त्याने खालच्या खणातून दुसरी पेटी काढली. लांब अँटेना, हाताला जड, पाच वॉट. "हा शहराच्या त्या टोकाला ऐकू जातो."

"आणि परवाना?"

"नियमाने लागतो," दुकानदार छताकडे बघत म्हणाला. "पण विचारतंय कोण?"

जावयाला नीट ऐकू गेलं नाही, चुकीचा माल चुकीच्या जागी उतरला, तर नोकरी जाणार. मग अर्ध्या वॉटावर लेकीचा संसार टांगायचा? मुकादमाने पाच वॉटवाले उचलले. वाटेत छाती फुगवून चालला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोलाचं काहीतरी बाजारात मिळालं होतं.

आणि खरंच सांगतो, चारआठ दिवस काय काम झालं! वर केबिनमध्ये आवाज खणखणीत. "अहो, खाली घ्या." माल खाली. "अहो, अजून थोडं." अजून थोडं. जावयाच्या चेहऱ्यावर समाधान, लेकीच्या चेहऱ्यावर समाधान, मुकादमीण तर सेटवरून पदर फिरवून तो पुसून ठेवायची.

मग एका सकाळी फाटकापाशी एक गाडी येऊन थांबली. टपावर गोल अँटेना. आतून वायरलेस खात्याचे एक अधिकारी उतरले, शांत, चष्मेवाले, हातात पाण्याची बाटली. ते इंजिनियरबाईंना म्हणाले, "शहरातल्या रुग्णवाहिकांच्या वायरलेसवर काही दिवसांपासून एक गृहस्थ बोलतायत. 'अहो, खाली घ्या' म्हणतात. त्यातले एक चालक रुग्ण गाडीत चढवत होते, त्यांनी स्ट्रेचर परत खाली घेतलं. दुसऱ्यांना वाटलं आपला साहेबच रागावलाय, ते बिचारे 'हो साहेब' म्हणत राहिले. हे गृहस्थ इथे असतात का?"

तेवढ्यात स्लॅबमागून आवाज आला, "अहो, बसऽऽ!" अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला.

"हेच ते," म्हणाले.

पुढचं काय सांगायचं? सेट जप्त झाले. अधिकाऱ्यांनी मनात आणलं असतं तर प्रकरण कोर्टात गेलं असतं. पण इंजिनियरबाईंनी रदबदली केली, दंड कंपनीने भरला, आणि अधिकाऱ्यांनी मुकादमाला समोर बसवून शाळामास्तरासारखं समजावलं. रुग्णवाहिका, अग्निशमन, विमानं, प्रत्येकाला आपापली लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, वाटून दिलेली असते. दुसऱ्याच्या लहरीवर घुसणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून आरडाओरडा करणं. तुम्हाला स्वतःची लहर हवी असेल तर अर्ज करा. तोवर अर्ध्या वॉटचे बिनपरवान्याचे सेट वापरा, त्यांना अँटेना बदलू नका, काही जोडू नका.

"आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "ती बिनपरवान्याची लहर सगळ्यांची आहे. तुमच्यासारखा दुसराही कुणी तिच्यावर बोलत असेल. म्हणून आधी ऐका, मग बोला, तेही सेट तोंडापासून जरा लांब धरून. आणि बोलताना आधी कुणाला बोलताय ते सांगा. 'क्रेन एक, खाली.' वरच्याने तस्संच परत म्हणायचं, 'क्रेन एक, खाली.' मगच क्रेनचा दांडा हलवायचा. क्रेन एक ऐकू आलं नाही तर तो हुकूम आपला नाहीच, असं समजायचं."

बाईंनी लगेच अर्ध्या वॉटचे सेट मागवले, परवान्याचा अर्ज घातला आणि नियम फळ्यावर लिहून टाकला. मुकादमाने तो दोनदा वाचला.

घरी जेवताना त्याने चाचपून पाहिलं. जावई हात धुवायला गेला होता.

"त्यांना म्हणे 'क्रेन एक' म्हणायचं."

"कुणाला?" मुकादमीण.

"जावयांना."

तिने पळी खाली ठेवली. "जावयाला नंबर देताय? तुरुंगात आहेत का ते? आणि तेही चारचौघांत? अहो, आपल्याकडे राहतात म्हणून आधीच त्यांना वाटतं की आपली किंमत राहिली नाही, त्यात तुम्ही त्यांना यंत्राच्या नावाने हाक मारणार?"

"बाबा, नका हं," लेक म्हणाली. "आताशा कुठे ते जरा हसून बोलायला लागलेत."

"आणि वर त्यांना परत म्हणून दाखवायचं म्हणे, मी काय म्हणालो ते."

"पोपट आहेत का?" मुकादमीण म्हणाली, आणि विषय संपला.

तेव्हा ठरलं ते असं. इंजिनियरबाई जवळ असल्या की मुकादम "क्रेन" असं काहीतरी खाकरल्यासारखं करायचा. त्या पाठमोऱ्या झाल्या की "अहो". जावईही परत म्हणून दाखवायचा नाही, नुसता "हं" करायचा. सासऱ्याचा आवाज का कुणाला ओळखायला येणार नाही? हे दोघांनाही पटलेलं होतं. अर्ध्या वॉटमधून आणि सेटवर तोंड टेकवून ओरडल्यामुळे सगळेच आवाज फाटक्या डब्यासारखे येतात, हे मात्र दोघांनीही लक्षात घेतलं नाही.

शेजारच्या प्लॉटवर दुसरी इमारत उठत होती. त्यांनीही परवान्याचा नियम पाळला. त्यांनीही बिनपरवान्याचे सेट आणले. आणि त्यांच्या मुकादमालाही, देव जाणे कुणाच्या मानापानापायी, "अहो" म्हणायचीच सवय होती.

त्या दुपारी सळयांचा जुडगा हुकाला लटकत होता. खाली स्लॅबवर सळईवाले वाकून तारा बांधत होते. मुकादमाने सांगितलं, "अहो, बस. जरा थांबा." जुडगा हवेत स्थिर. सळईवाल्यांचं आवरलं की मग उतरवायचा.

आणि सेटमधून फाटका आवाज आला, "अहो, येऊ द्या खाली. बिनधास्त येऊ द्या. सावकाश, सावकाश. हां, अजून..."

मुकादमाने सेटकडे पाहिलं. मग वर पाहिलं. जुडगा खाली यायला लागला होता.

त्याने बटण दाबलं आणि ओरडला. पण शेजारचा बाबा बोलायचा थांबेल तर ना! तो आपला चालूच: "येऊ द्या, येऊ द्या, शाब्बास." एक बोलत असताना दुसऱ्याचं जात नाही. मुकादमाने सेट फेकला आणि मोकळ्या घशाने बोंब ठोकली. ती बंद काचेच्या केबिनपर्यंत पोचलीच नाही. सळईवाल्यांपर्यंत मात्र पोचली, आणि त्यांनी वर बघायच्याही आधी पाय लावून पळ काढला. जुडगा सेंट्रिंगवर आदळला. फळ्या मोडल्या, पाण्याचं पिंप चेपलं. माणसाला ओरखडा नाही.

मुकादम खाली बसला. वर केबिनमध्ये जावयाने दोन्ही हात डोक्यावर ठेवलेले त्याला दिसले.

संध्याकाळी इंजिनियरबाईंनी निकाल सांगितला. ऑपरेटरने न ओळखलेला हुकूम पाळला. क्रेन एक न ऐकता दांडा हलवला. परत म्हणून दाखवलं नाही. अशा माणसाला कायम करता येणार नाही. उद्यापासून येऊ नका. जावई मान खाली घालून ऐकत होता. 'मामा मला तसं कधी म्हणतच नाहीत' एवढं एक वाक्य त्याने म्हटलं असतं तर सुटला असता. तो ते म्हणाला नाही. तोही हट्टीच. सासऱ्याचं नाव पुढे करून नोकरी वाचवणारा घरजावई व्हायचं नव्हतं त्याला.

तो गेल्यावर मुकादम बाईंच्या केबिनमध्ये शिरला. "बाई, चूक त्यांची नाही."

"मग कुणाची?"

"माझी. मी एकदासुद्धा त्यांना क्रेन एक म्हणालो नाही. तुम्ही पाठ फिरवली की अहो म्हणायचो. परत म्हणायलाही मीच नको म्हटलं. रोज जे ऐकत आले तेच त्यांनी आज ऐकलं. आवाज दुसऱ्याचा होता, एवढाच काय तो फरक."

बाई म्हणाल्या, "चार माणसं मेली असती. कशासाठी?"

"मानासाठी," मुकादम म्हणाला. एवढ्या हळू आवाजात की बाईंना पुढे झुकावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं बोलणं ऐकायला पुढे झुकलं असेल. त्याला त्याची लाज वाटली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. त्याला उद्या येऊ द्या. मी दिवसभर तिसरा सेट घेऊन ऐकणार. तुमचं एक जरी 'अहो' कानावर आलं तर तो जाईल आणि तुम्हीही. आणि हे त्याला आधी समजावून वगैरे सांगू नका. तुमच्या घरचं घरी. तो स्वतः नियम पाळतो का ते मला बघायचंय, सासऱ्यावर उपकार म्हणून पाळलेला नको."

मुकादम घरी गेला. जावयाला निरोप दिला, उद्या या म्हणालेत, बस. रात्रभर छताकडे बघत पडला. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही.

सकाळी सगळे गडी कालच्या मोडक्या फळ्यांभोवती उभे होते. सगळ्यांचं लक्ष तोफेकडे. बाई कानाला सेट लावून. जावई वर. हुकाला फळ्यांचा गठ्ठा अडकवला. मुकादमाने सेट तोंडापासून जरा लांब धरला, अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं तसा, आणि बटण दाबलं.

"क्रेन एक, वर."

काही हललं नाही. सेटमध्ये नुसती खरखर. एक सळईवाला फिस्सकन हसला. मुकादमाला वाटलं, आता हा खाली उतरतो आणि तडक लेकीला घेऊन चालता होतो.

"क्रेन एक," तो पुन्हा म्हणाला. "वर."

बऱ्याच वेळाने आवाज आला. कोरडा, ताठ. "क्रेन एक, वर."

गठ्ठा उचलला गेला. दिवसभर हेच. क्रेन एक, डावीकडे. क्रेन एक, डावीकडे. क्रेन एक, बस. क्रेन एक, बस. शेजारचा मुकादम मधूनमधून "अहो" करत होता, पण वरचा दांडा तसूभरही हलला नाही. संध्याकाळी बाईंनी तिसरा सेट चार्जरवर ठेवला आणि मान डोलावली. महिनाअखेर जावई कायम झाला.

पण गडी लोक म्हणजे काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर "काय क्रेन एक, साखर किती?" सुरू झालं. वॉचमन फाटक उघडताना "या क्रेन एक" म्हणायला लागला. घरजावई या ज्या नावाला जावई मनोमन भीत होता त्याहून हे वाईट निघालं, आणि ते ठेवलं कुणी? सख्ख्या सासऱ्याने. सगळ्यांदेखत. लेक रडली. मुकादमीण म्हणाली, "बजावलं होतं ना मी तुम्हाला? तोंड आवरलं असतंत तर काय बिघडलं असतं?" मुकादमाच्या जिभेवर आलं होतं सगळं. बाईंची अट, त्या संध्याकाळचं बाईंच्या केबिनमधलं बोलणं, सगळं. पण सांगितलं असतं तर जावयाला कळलं असतं की नोकरी सासऱ्याच्या शब्दावर टिकली. मग तो एक दिवसही क्रेनच्या केबिनमध्ये बसला नसता. मुकादमाने पाणी पिऊन सगळं गिळलं.

जावयाने खोली घेतली. ठरलं होतं तशीच, ताठ मानेने. फक्त सासऱ्याच्या पाया पडायला विसरला, आणि तो विसरला नव्हता हे सगळ्यांना कळलं. आता लेक सुट्टीच्या दिवशी एकटीच येते. तो येत नाही. काम असतं, म्हणते.

मुकादमीण मात्र आशा सोडत नाही. मुकादम घरी आला, बूट काढायला वाकला, की तिचा ठरलेला प्रश्न येतो.

"आज जावई बोलले का काही?"

"बोलले ना. दिवसभर बोलत होते."

"हो? काय म्हणाले?"

"मी जे म्हणालो तेच," मुकादम म्हणतो. "अगदी शब्द न् शब्द."